निफाडचा घड आणि ब्रुसेल्सचे मत

गोष्ट 2010 सालची. एप्रिल महिना होता. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन मी बसलो होतो आणि नाशिकची ती संध्याकाळ चांगलीच उकडत होती. इतक्यात दारात आमचे थोरले मेहुणे, अण्णा, उभे राहिले. अण्णांची निफाड तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग. त्या महिन्यात ते न कळवता आले तर हातात द्राक्षांची पेटी असायचीच. त्या दिवशी हात रिकामे होते. सौ.ने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी तसाच बाजूला ठेवला.

"कंटेनर अडकला, दाजी," एवढेच म्हणाले.

हळूहळू उलगडा झाला. अण्णांचा माल एका निर्यातदारामार्फत युरोपात गेला होता. तिथल्या तपासणीत द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाच्या औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेहून अधिक सापडला. बागाईतदार त्याला नुसते 'सीसीसी' म्हणतात. वेलीची वाढ आटोक्यात ठेवून काडीत घड धरावेत, म्हणून आपल्याकडे ते कैक वर्षे वापरत आले होते. इकडे निर्यातीपूर्वी ज्या औषधांची तपासणी होत असे, त्या यादीत त्याचे नावच नव्हते. म्हणजे इकडच्या परीक्षेत पास झालेला विद्यार्थी तिकडे न नेमलेल्या विषयात नापास झाला, असा हा प्रकार. त्या हंगामात एकट्या अण्णांचाच नव्हे, जिल्ह्यातल्या कितीतरी जणांचा माल असा परदेशी बंदरांत अडकला आणि नुकसानीचा आकडा कोटींच्या घरात गेला.

अण्णांच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज होते आणि थोरल्या मुलीचे लग्न ठरलेले होते. त्यातल्या त्यात दैव एवढेच, की त्या वर्षी वैशाखच अधिक आला होता. मुहूर्त निज वैशाखातला, म्हणून पैशाची तोंडमिळवणी करायला एक महिना जास्त मिळाला. अधिक मासाला लोक नावे ठेवतात. आमच्या घरी त्या वर्षापासून कोणी ठेवत नाही.

जेवताना अण्णा मध्येच थांबले आणि मला म्हणाले, "दाजी, तुम्ही प्रोफेसर. मला एक सांगा. हा कायदा केला कुणी? आणि त्या लोकांना मत दिलं कुणी?"

मी मराठीचा अध्यापक. मोरोपंतांची आर्या समोर टाकली तर अन्वय लावून देईन. पण या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. "युरोपचे सरकार" असे काहीतरी पुटपुटलो. पुढे कळले की ते उत्तर अर्धे चूक होते. युरोपियन युनियनला आपल्या दिल्लीसारखे सरकार नाही आणि तरीही तिचे कायदे सत्तावीस देशांवर चालतात. ही काय जादू आहे, हे मी त्यानंतर सवडीने वाचत गेलो. वाचकहो, हा लेख म्हणजे अण्णांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी त्या मर्यादेचेच पाहू. द्राक्षांसाठी ती होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. गृहिणींना समजेल असे सांगायचे तर वीस टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा नव्हे! ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला तर किलोमागे 0.01 मिलिग्रॅम हा सरसकट नियम आहे, म्हणजे शंभर टनांत एक ग्रॅम. हा कायदा 2005 सालचा. तो 1 सप्टेंबर 2008 पासून सर्व सदस्य देशांत पुरता लागू झाला. त्याआधी बऱ्याच बाबतींत देशोदेशीच्या मर्यादा निरनिराळ्या असत. मौज अशी, की हेच औषध युरोपातले शेतकरी गव्हा-ओटाच्या पिकावर वापरतात आणि त्या धान्यांसाठी मर्यादा द्राक्षांपेक्षा कितीतरी सैल आहे. अण्णांना मी हे पुढे सांगितले तेव्हा ते ताडकन म्हणाले, "म्हणजे त्यांच्या पावात चालतं, आमच्या मण्यात नाही!" तिकडचे शास्त्रज्ञ याचे उत्तर असे देतात, की मर्यादा केवळ विषारीपणावरून ठरत नाही, त्या पिकावर ते औषध रीतसर वापरले तर किती अंश उरेल, यावरून ठरते. ज्यांच्या द्राक्षमळ्यात ते वापरतच नाहीत, त्यांच्या हिशेबी तो अंश शून्याजवळच हवा. उत्तर तर्काला धरून आहे. अण्णांचे समाधान झाले असे मात्र मी म्हणणार नाही.

आता हा कायदा करणारे कोण? अण्णा गावच्या विकास सोसायटीचे संचालक होते, म्हणून मी त्यांना सहकारी संघाच्या भाषेत सांगितले. समजा, सत्तावीस गावांच्या सत्तावीस सोसायट्यांनी मिळून एक संघ काढला. त्याला एक कचेरी आहे. नियमाचा मसुदा ती करते, दप्तर ठेवते, कोणी नियम मोडला तर नोटीस बजावते. ब्रुसेल्स शहरातली ही कचेरी म्हणजे युरोपियन आयोग. प्रत्येक देशाचा एक असे तिचे सत्तावीस आयुक्त. पण खुर्चीवर बसताना त्यांना शपथ घ्यावी लागते, की मी माझ्या देशाच्या सरकारचे ऐकून वागणार नाही. (आपल्याकडे संघावर गेलेला गावचा माणूस अशी शपथ घेऊन परत आला, तर गाव त्याला वेशीतून आत घेईल काय, याची मला शंका आहे.) नव्या कायद्याचा प्रस्ताव जवळजवळ सर्व बाबतींत हा आयोगच मांडू शकतो. आपल्या लोकसभेत साधा सदस्यसुद्धा खाजगी विधेयक आणतो. तिथल्या संसद-सदस्याला तो अधिकार नाही. फार तर "असा कायदा आणा" अशी आयोगाला विनंती करायची.

कचेरीने मसुदा केला, की तो दोन ठिकाणी जातो. एक मंत्रिपरिषद. इथे प्रत्येक सोसायटीचा चेअरमन बसतो म्हणा ना. शेतीचा विषय असेल तर सत्तावीस देशांचे शेतीमंत्री, अर्थाचा असेल तर अर्थमंत्री. दुसरी संसद, जिला सत्तावीस गावांतल्या सभासदांनी थेट निवडून दिले आहे. दोघांनी एकच मजकूर मान्य केला तर कायदा झाला. नाही पटले तर दुरुस्त्या होतात, वाटाघाटी होतात आणि शेवटी जमलेच नाही तर मसुदा पडतो.

संसदेचे सदस्य 720. लोक त्यांना थेट निवडू लागले ते 1979 पासून. मागील निवडणूक 2024 सालच्या 6 ते 9 जूनला झाली. आपला लोकसभेचा निकाल 4 जूनला लागला आणि दोनच दिवसांनी तिकडे मतदान सुरू झाले. पण आपल्याकडे गुलाल इतका उडाला होता, की त्याची दखल कुणी घेतली नाही. जागावाटप पाहिले तर गणिताचे मास्तर चक्रावतील. जर्मनीला 96 जागा, तर माल्टाला 6. माल्टाची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे नाशिक शहराच्या निम्म्याहूनही कमी. तिथे नव्वद-पंच्याण्णव हजार माणसांमागे एक सदस्य होतो, जर्मनीत साडेआठ-नऊ लाखांमागे एक. आणि आपल्या महाराष्ट्रात? 2011 च्या जनगणनेप्रमाणे सव्वाअकरा कोटी लोकांना लोकसभेचे 48 खासदार, म्हणजे तेवीस लाखांहून अधिक माणसांमागे एक! धाकट्या भावाला पंगतीत जरा जास्त वाढावे, म्हणजे तो मोठ्याच्या ताटाकडे पाहत नाही, असे हे धोरण आहे.

मंत्रिपरिषदेतले मतदान मला सगळ्यांत गमतीचे वाटले. नुसते हात वर करून मोजणे तिथे नाही. बहुतेक कायद्यांना दोन चाळण्यांतून जावे लागते. शेकडा 55 देश, म्हणजे सत्तावीसपैकी पंधरा, बाजूने हवेत. आणि त्या देशांतली वस्ती युनियनच्या एकूण वस्तीच्या शेकडा 65 तरी हवी. पहिल्या अटीमुळे थोरले धाकट्यांना चिरडू शकत नाहीत. दुसरीमुळे धाकटे जमाव करून थोरल्यांवर चालून जाऊ शकत नाहीत. त्यावरही एक पाचर आहे. जर्मनी, फ्रान्स आणि इटली या तिघांची वस्ती मिळून जवळजवळ निम्मी भरते. नुसत्या वस्तीच्या हिशेबाने हे तिघे कोणताही कायदा अडवू शकले असते. म्हणून नियम केला, की अडवायला निदान चार देश हवेत. तीन पाटील मिळून पंचायत बंद पाडू शकत नाहीत. चौथा कोणी गाठावाच लागतो. ही रीत 2014 च्या नोव्हेंबरपासूनची. त्याआधी प्रत्येक देशाच्या मताला वजन नेमून दिलेले असे, आणि त्या वजनांवरून जी घासाघीस होई तिच्यापुढे लासलगावचा कांद्याचा लिलाव शांत म्हणावा.

मात्र कर, परराष्ट्र धोरण, नवा सदस्य घेणे असल्या नाजूक गोष्टींत अजून एकमत लागते. तिथे माल्टाचे "नाही" आणि जर्मनीचे "नाही" यांची किंमत सारखी. या एकमताचा इतिहासही रुसव्याफुगव्यांचा आहे. मूळ मंडळी सहा: फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग. 1951 साली त्यांनी कोळसा आणि पोलाद सामाईक केले, कारण त्या दोन वस्तूंवाचून लढाई करता येत नाही; 1957 साली रोम येथे सामाईक बाजाराचा करार केला. पुढे बहुमताने निर्णय घेण्याची वेळ जवळ आली आणि शेतीच्या पैशावरूनही तंटा झाला, तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल 1965 च्या जुलैत रुसले. सात महिने फ्रान्सची खुर्ची रिकामी! दिवाळसणाला जावई रुसावा आणि घरात फराळाच्या ताटाला कुणी हात लावू नये, तशी बाकीच्या पाचांची गत झाली. अखेर 1966 च्या जानेवारीत समजूत निघाली: एखाद्या देशाच्या फार जिव्हाळ्याचा प्रश्न असेल, तर बहुमत असले तरी चर्चा चालू ठेवावी. जावई पंगतीला आला. पण पुढे कित्येक वर्षे सासरा आवाज चढवून बोलेना.

या सर्वांच्या वर थोरल्यांची एक बैठक असते. तिला युरोपियन परिषद म्हणतात. सत्तावीस देशांचे पंतप्रधान किंवा राष्ट्राध्यक्ष तिथे जमतात. ते कायदा करत नाहीत, दिशा ठरवतात; आणि बहुधा मत मोजत नाहीत, सर्वांचे जुळेपर्यंत बसतात, मग भले पहाट होवो. याच मेजाभोवती काही वर्षे आपल्या कोकणपट्टीचे रक्त दोन खुर्च्यांवर बसले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉक्टर. लिओ स्वतःही डॉक्टर. 2019 च्या डिसेंबरात ते वराडला येऊन गेले. दुसरे पोर्तुगालचे पंतप्रधान आंतोनियो कोश्ता. त्यांच्या वडिलांचे घराणे मडगावचे; घरात आंतोनियोला 'बाबुश' म्हणत, आणि हा शब्द कुठला हे गोवेकरांना सांगायला नको. कोश्ता 2015 च्या नोव्हेंबरपासून 2024 च्या एप्रिलपर्यंत पंतप्रधान होते. वराडकर 2017 ते 2020 आणि पुन्हा 2022 च्या डिसेंबरपासून 2024 च्या एप्रिलपर्यंत. 1 डिसेंबर 2024 रोजी कोश्तांनी त्याच परिषदेचे अध्यक्षपद हाती घेतले. अध्यक्षाला मत नसते. सत्तावीस जणांना एका वाक्यावर आणणे, हेच त्याचे काम.

ते किती अवघड असते, याचा एक मासला. 14 डिसेंबर 2023 रोजी युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करावी की नाही, हा प्रश्न निघाला. एकमत हवे, आणि हंगेरीचे पंतप्रधान ओर्बान विरुद्ध. तेव्हा जर्मनीच्या चॅन्सेलरांनी सुचवले, की आपण जरा बाहेर जाऊन कॉफी घ्यावी. ओर्बान बाहेर गेले. आतल्या सव्वीस जणांनी निर्णय केला. नापसंत सोयरिकीच्या सुपारीच्या वेळी आपल्याकडचे थोरले काका पान खायला ओट्यावर जात असत, ते काही निराळे करत नसत. वराडकर आणि कोश्ता, दोघेही तेव्हा पंतप्रधान होते.

पण लहान देशाच्या एका मताची शक्ती पाहायची, तर ब्रिटनचे प्रकरण आठवावे. 23 जून 2016 च्या सार्वमताने ब्रिटनने बाहेर पडायचे ठरवले. आयर्लंड बेटावर दोन राज्यांमधून जी सीमा जाते, तिच्यावर पुन्हा चौक्या उभ्या राहू नयेत, एवढा एक हट्ट आयर्लंडने धरला आणि बाकीचे देश त्याच्यामागे उभे राहिले. अर्ध्या कोटीच्या देशाशी जुळवून घेतल्याशिवाय साडेसहा कोटींच्या देशाला दार उघडेना. 10 ऑक्टोबर 2019 रोजी वराडकर आणि बोरिस जॉन्सन समोरासमोर बसले, तेव्हा कुठे वाट निघाली. आठवड्याभरात करार ठरला आणि 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन बाहेर पडले. आमच्या जिल्ह्यापुरता त्याचा अर्थ इतकाच, की औषधांच्या अंशाची यादी आधी एक होती, आता दोन झाल्या.

भाषेचा विषय मी टाळला, तर माझे विद्यार्थी मला क्षमा करणार नाहीत. युनियनच्या अधिकृत भाषा चोवीस. आपल्या आठव्या परिशिष्टात बावीस आहेत, म्हणजे याबाबतीत आपण शेजारी. पण तिकडे प्रत्येक कायदा या सर्व भाषांत छापतात आणि प्रत्येक भाषेतला मजकूर मूळच समजतात; अमुक मूळ आणि बाकी भाषांतरे, असे नाही. संसदेत सदस्य आपल्या भाषेत बोलतो आणि काचेच्या खोल्यांतले दुभाषे ते इतरांच्या कानी घालतात. आयरिश भाषेला हा मान पुरतेपणी मिळाला तो 2022 च्या जानेवारीपासून. ब्रिटन गेले, तरी आयर्लंड आणि माल्टामुळे इंग्रजी राहिली. माल्टी भाषा बोलणारे पाच लाख, आणि शंभर टनांत एक ग्रॅमचा आमचा नियम त्या भाषेत अधिकृतपणे वाचायला मिळतो. निफाडात तो ज्यांनी पाळायचा, त्यांची भाषा त्या चोविसांत नाही. तक्रार नव्हे, आपण सभासदच नाही. पण मराठीच्या अध्यापकाला हे लागल्यावाचून राहत नाही.

हे कायदे देशांनी मोडले तर? त्यासाठी लक्झेंबर्गला न्यायालय आहे. त्याचा पाया ज्या खटल्याने घट्ट झाला, तो विजेच्या बिलाचा! इटलीत वीज कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा कोस्ता नावाच्या मिलानच्या एका वकिलाने (मडगावकरांशी संबंध नाही) दोन हजार लिऱ्यांच्या आतले बिल भरण्याचे नाकारले आणि राष्ट्रीयीकरण रोमच्या कराराविरुद्ध आहे असे म्हटले. वकिलाच्या पदरात फारसे काही पडले नाही. पण 15 जुलै 1964 च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की सामाईक कायदा आणि देशाचा कायदा यांत विरोध आला तर सामाईक कायदा वरचढ. सैन्य नाही, स्वतःचे पोलीस ठाणे नाही, तरी सत्तावीस देश ऐकतात, त्याचे एक मूळ त्या थकलेल्या बिलात आहे.

आता अण्णांच्या आकड्याकडे परत. 2005 चा मूळ कायदा संसद आणि मंत्रिपरिषद या दोघांनी मिळून केला. पण कुठल्या फळात कुठल्या औषधाचा किती अंश, हे एकेक आकडे मोठ्या सभागृहात ठरत नाहीत. इटलीतल्या पार्मा गावी अन्नसुरक्षेची एक संस्था आहे. ती शास्त्रीय मत देते. त्यावरून आयोग आकडा सुचवतो. मग सर्व देशांच्या अधिकाऱ्यांची समिती त्याच दोन चाळण्यांनी मत देते. संसदेला तो रोखण्याचा अधिकार उरतोच. सप्टेंबर 2024 मध्ये तिने तो वापरला: कार्बेन्डाझिमसारखी युरोपात बंद असलेली औषधे, त्यांचा अंश बाहेरून येणाऱ्या मालात चालू द्यावा, अशा प्रस्तावांना तिने नकार दिला. कार्बेन्डाझिम हे नाव आमच्याकडच्या बागाईतदाराला नवे नाही.

म्हणजे अण्णांच्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे: तुमचा कायदा लिस्बनच्या शिक्षिकेने आणि हॅम्बर्गच्या रिक्षावाल्याने, म्हणजे तिथल्या टॅक्सीवाल्याने, निवडलेल्या लोकांनी केला. तुमचे त्यात मत नाही. मात्र तोंड अगदीच बांधलेले नाही. असे नियम बदलण्यापूर्वी जागतिक व्यापार संघटनेला कळवावे लागते आणि आपले सरकार हरकत घेऊ शकते. एखाद्या औषधाचा अंश आयात मालात चालावा, म्हणून शास्त्रीय पुराव्यासह अर्जही करता येतो. 2007 साली सुरू झालेली, 2013 मध्ये अडलेली आणि 2022 मध्ये पुन्हा हाती घेतलेली भारत-युरोप व्यापार कराराची बोलणी 27 जानेवारी 2026 रोजी दिल्लीत पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा कोश्ता तिथे हजर होते. असल्या करारालाही मंत्रिपरिषदेची आणि संसदेची संमती लागतेच. जकातीचे आकडे अशा बोलण्यांत हलतात. औषधांची यादी हलत नाही.

हे सगळे मी अण्णांना तुकड्यातुकड्यांनी सांगत आलो. लग्न त्या वर्षी निज वैशाखातच झाले. बँड कमी केला, एक एकर बाग पुढे तोडली, कर्ज फेडायला पाच हंगाम गेले. सीसीसी तपासणीच्या यादीत आले. अण्णांनी बरीच वर्षे "आता बाहेरचं नाव काढायचं नाही" म्हणून माल इकडेच विकला. मग धाकटा मुलगा शेतकीची पदवी घेऊन आला आणि त्याने वडिलांना न विचारता बागेची निर्यातीसाठी नोंदणी करून टाकली. बापलेकांत आठ दिवस अबोला होता. द गॉल परवडले.

यंदा गोडी छाटणीच्या आधी आम्ही उभयता निफाडला गेलो होतो. पडवीत भिंतीला पांढरा फळा लावलेला. भाचा संगणकावरची इंग्रजी यादी वाचत होता आणि अण्णा चष्मा सावरून फवारणीच्या वहीत लिहीत होते: औषधाचे नाव, तारीख, तोडणीआधी किती दिवस बंद. मला पाहताच भाचा म्हणाला, "मामा, बरं झालं आलात. ह्या खान्याच्या मथळ्याला मराठीत काय लिहू? मजुरांना कळलं पाहिजे."

मी दोन-तीन शब्द सुचवले. अण्णांनी ते ऐकून घेतले आणि मान हलवली.

"पुस्तकी आहेत," ते म्हणाले, आणि फळ्यावर स्वतःच लिहिले: 'शेवटचा हात कधी'.